दिवेवालीची पट्टी

आमच्या धंद्यात चित्र खालनं सुरू होतं. चादर मागावर चढली की आधी खालचा काठ येतो, मग पाय, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. मोर काढायचा तरी आधी त्याचे पंजे. मी सोलापुरात जन्मभर चादरींचे नक्षे काढले. चौकटीच्या कागदावर बारीक घरं रंगवायची, खालच्या ओळीपासनं वर चढत जायचं. त्या घरांप्रमाणं पुठ्ठ्याच्या लांबट पत्त्यांना भोकं पाडायची, पत्ते दोऱ्यानं एकमेकांना ओवून त्यांची माळ करायची आणि ती माळ मागावरच्या जेकार्डला, म्हणजे नक्षीच्या यंत्राला, चढवायची. भोक असेल तिथं सूत उचललं जातं, नसेल तिथं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. मला लिहिता येतं ते असंच, बोलल्यासारखं.

बायको गेल्या श्रावणात वारली. ती होती तोवर हे लिहायची सोय नव्हती, तिला त्यावर बोललेलं चालत नसे. आता घरात चालतं का नाही असं विचारायला कुणी नाही, म्हणून लिहितो.

ती अक्कलकोटकडची. माहेरी कानडी, पण शाळा मराठी, सातवी पास. माझ्यापेक्षा तिला जास्त वाचता यायचं आणि ती ते मला ऐकवायची. दिवसभर घरात बसून ती माझ्या पत्त्यांच्या माळा ओवायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी, पत्रा तापून घरात बसवत नसे तेव्हा लिंबाखाली चटई टाकून पुस्तक वाचायची. पेठेतल्या वाचनालयातनं आणायची. मी ऐकत ऐकत घरं रंगवायचो आणि आमचं पोरगं तिच्या मांडीला टेकून बसायचं. आम्हाला ते एकच.

त्यातली एक कादंबरी पाच भागांची होती. एकेक भाग उशाला घ्यावा एवढा जाड. एका राज्यातली संध्याकाळ एक मायावी चोरून नेतो आणि डोंगरातल्या गुहेत बांधून ठेवतो, अशी ती गोष्ट. त्या राज्यात सूर्य डोक्यावरच थांबलेला. सावली नाही, झोप नाही, गाईंचं दूध आटलेलं. मग राजपुत्र संध्याकाळ सोडवून आणायला निघतो. पुढं पाच भाग लढाया, उडते घोडे, मिठाचे राक्षस, आरशांचं नगर. सोलापूरच्या उन्हात बसून ऐकताना ते काही खोटं वाटायचं नाही.

पहिल्या भागात एका पानावर एक बाई होती. राजपुत्र वेशीतनं बाहेर पडताना ती आपल्या दारात भर उन्हात दिवा लावून बसलेली असते. तो विचारतो, हा कशाला? ती सांगते, परत येशील तेव्हा अंधार असेल, घर ओळखू यायला पाहिजे. बस. पुढं लेखक तिला विसरून गेला. पाच भागांत परत कुठं नाव नाही. पण आमचं पोरगं विसरलं नाही. त्या वेळी सात-आठ वर्षांचं असेल. पुस्तक मिटलं की त्याचं सुरू व्हायचं.

"आव्वा, आणि दिवेवाली?"

"हाय की."

"काय करतीया?"

"बसलीया दारात. वात सारतीया."

"तेल संपलं तर?"

"शेजारणीकडनं आणती."

"शेजारीण देती व्हय?"

"देती. पण कुरकुरत देती. तुझ्या आज्जीवानी."

मग ते पोरगं हसत उठायचं. ते कादंबरी वाचणं दोन-तीनदा झालं, पोरगं मोठं झालं, तरी वाचन संपताना दिवेवाली ठरलेली. लेखकाला ठाऊक नसलेली बाई आमच्या लिंबाखाली पाची भाग बसून होती. हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. म्हणून पुढचं सगळं झालं.

बहात्तरच्या दुष्काळात माग बंद पडायला लागले. वीज नाही, सूत नाही. पोरगं तवर हातमागावरनं यंत्रमागावर गेलेलं, मिसरूड फुटायच्या वयाचं. दोघातिघांबरोबर भिवंडीला कामाला गेलं. भांडण झालं होतं का, कुणी मारलं होतं का, असं लोक विचारतात. काही झालं नव्हतं. जेवला, चप्पल घातली, येतो म्हणाला आणि गेला. पहिले काही महिने कुणी ना कुणी सांगायचं, दिसला, बरा आहे. मग दिसायचा बंद झाला. मी भिवंडीला गेलो. ज्या खोलीत राहत होता तिथं दुसरीच माणसं. एक म्हणाला सुरतला गेला, एक म्हणाला जहाजावर गेला. तिसऱ्यानं मला चहा पाजला आणि काहीच सांगितलं नाही. मी परत आलो. बायको एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागली. मुंबईची गाडी आली की उतरणारी माणसं बघायची आणि भाजी घेऊन घरी यायची, जसं काही भाजीलाच गेली होती.

तीन-एक वर्षांनी एका छापखान्याच्या मालकानं मला बोलावलं. चादरीवर चिकटवायची लेबलं मी त्याला काढून देत असे. माणूस वाईट नव्हता, तोंडाचा फटकळ होता. मुंबईची चित्रकथांची पुस्तकं पोरं उड्या मारून घेतात, आपण इथनं एक काढू, असं त्याच्या डोक्यात. आणि त्यानं निवडलेली गोष्ट म्हणजे हीच कादंबरी. लेखकाला विचारलं होतं का नव्हतं ते तो जाणे.

"पाच भाग हायत ओ," मी म्हणालो.

"मला ठाऊक हाय. एका पातळ पुस्तकात बसवायचे. पानाला चार पट्ट्या, पट्टीत दोन-तीन चित्रं. बोलणं कमी, हाणामारी जास्त. तुमचा घोडा चांगला येतो, घोडे भरपूर काढा."

"आणि इकायचं कुटं?"

"कुटं म्हंजे? समद्या एसटी स्टँडवर, रेल्वेच्या स्टॉलवर. मुंबई, सुरत, नागपूर, हुबळी. माझा माणूस हाय तितं."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको पत्ते ओवत होती. दाभण तसंच हातात धरून तिनं विचारलं, "सुरतला बी?"

"सुरतला बी म्हणाला."

तिनं दाभण पत्त्यांवर ठेवलं. मग म्हणाली, "पानापानावर दिवेवाली काढा. समद्यात शेवटी. आपण म्हणत होतो तशी. स्टॉलवर टांगलेलं पुस्तक कवातरी उघडंल की तो. त्याला वाचायचा नाद हाय. दिवेवाली बघितली की त्याला कळंल, हे कुणाचं घर हाय ते."

"पुस्तकात ती एकाच पानावर हाय."

"म्हणून तर कळंल."

तिचं म्हणणं बरोबर होतं. दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला ती नुसती बाई. त्याला मात्र ती हाक. त्या दिवसापासनं ते पुस्तक आम्हा दोघांना एकाच माणसासाठी काढायचं होतं. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे.

पाच भाग पातळ पुस्तकात बसवायचं काम तिनं केलं, मी नाही. सगळे भाग परत आणून वाचले आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते सांगितलं. मला सगळ्या लढाया पाहिजे होत्या. ती म्हणाली, "समद्या लढायांत घोडंच पडत्यात. एकदाच पाडा." आरशांचं नगर कसं काढावं मला सुचेना, तर म्हणाली चादरीत दोन मोर समोरासमोर असतात तसं अर्धं काढून उलटं करा. ते झकास जमलं. एका ठिकाणी लेखकानं लिहिलेलं, राजपुत्राच्या मनात वादळ उठलं. मी म्हणालो, मनातलं वादळ कसं काढू? वावटळ काढू का डोक्यावर?

"चपला उलट्या घातलेल्या काढा," ती म्हणाली. "डाव्या पायात उजवी."

काढल्या. लेखकाची दोन पानं एका पायात बसली.

राज्यात सावली नाही म्हणजे शाई भरायचं काम कमी. चित्रं सगळी मोकळी, पांढरी, डोळ्याला ऊन लागावं अशी. मिठाचे राक्षस मी मंगळवार बाजारातल्या खड्या मिठाच्या ढिगावरनं काढले. आणि पानाच्या शेवटच्या पट्टीत, लांबच्या लांब एकच चित्र, दिवेवाली. एका पानावर वात सारताना, एका पानावर शेजारणीच्या दारात वाटी घेऊन, एका पानावर डुलकी लागून मान पडलेली.

"तोंड कुणाचं काढू?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"कुणाचं बी काढा. एकादी बरी बाई बघा."

मी तिचंच काढलं. ती वाकून बघायला लागली. "नाक केवढं काढलंय ओ."

"हाय तेवढं काढलंय."

"लई मोठं दिसतंय."

"मग कमी करतो."

"नगं. ऱ्हाऊ द्या. त्याला कळाया पायजे."

"नाकावरनं तर अंधारात बी कळंल," मी म्हणालो, आणि ती हसली. पोरगं गेल्यापासनं घरात तेवढंच हसणं झालं असेल. हसून झाल्यावर तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

चित्रं बांधून छापखान्यात नेली. मालकानं पहिलं पान उचललं, दुसरं उचललं, चष्मा पुसला.

"हे काय ओ? राक्षस आधी मरतोय आणि मग येतोय?"

"खालनं बघा की."

"खालनं?"

"खालच्या पट्टीपासनं वर. तितं आकडं घातलेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं. छपाईचे खिळे जुळवणारा गडी हसायला लागला. "अवो, पुस्तक कुणी खालनं वाचतं व्हय?"

"चादर खालनंच निघती," मी म्हणालो.

"मग लोकांनी पुस्तक अंगावर घेऊन झोपायचं हाय का?"

सगळा छापखाना हसला. मला त्या क्षणापर्यंत खरंच कळलं नव्हतं. अक्षरं वरनं खाली वाचतात हे काय मला ठाऊक नव्हतं? पण हातात कागद आला की हात खालनं सुरू करतो. जमीन खाली, आभाळ शेवटी. चित्रकथा मी स्टॉलवर टांगलेली बघितलेली, वरचं पान तेवढं. आतलं पान उघडायचं तर विकत घ्यावी लागते. आणि बायको जन्मभर पत्ते ओवणारी, पहिला पत्ता काठाचा. तिला दाखवलं तेव्हा तिनंही खालनंच वाचलं होतं, न अडखळता. आमच्या घरात कुणालाच ते उलटं वाटलं नाही.

"परत काढून देतो," मी म्हणालो.

"परत कशाला? येळ कुटं हाय? पट्ट्या कापून उलट्या चिकटवतो आमी. तुमी जावा निवांत."

मी घरी येऊन सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "मला बी कसं दिसलं न्हाई," म्हणाली. मग म्हणाली, "कापू दे की. दिवेवाली तुमच्याकडं वर होती, आता खाली यील. शेवटी ती शेवटीच." तेही खरं होतं.

पुस्तक छापून आलं ते मालकाच्या गड्यानं दुपारी घरी आणून दिलं. बायको भांडी घासत होती. हात धुतले, लुगड्याला पुसले आणि उभ्यानंच उघडलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, पुस्तकाकडं नाही. तिनं एक पान उलटलं, मग भराभर उलटायला लागली.

"ही कुटं गेली?"

मी पुस्तक घेतलं. प्रत्येक पानाच्या खाली, दिवेवालीच्या जागी, दंतमंजनाच्या डब्याची जाहिरात होती. पानापानावर तोच डबा. शेवटच्या पानावर राजपुत्र संध्याकाळ घेऊन परत येतो. ते पान मी सगळं काळं भरलं होतं, एका दिव्याची जागा तेवढी पांढरी. वरच्या पट्ट्या काळ्या होत्याच. राजपुत्र घोड्यावरनं उतरला होता, त्यानं पायातल्या चपला काढल्या होत्या आणि तो दंतमंजनाच्या डब्यासमोर उभा होता.

मी तसाच छापखान्यात गेलो.

"पट्ट्या चिकटवताना मधी जागा सोडावी लागली," मालक म्हणाला. "पान उंच व्हाया लागलं. छपाईचा ब्लॉक ठरल्या मापाचा, तो काय वाढत न्हाई. एक पट्टी काढायची म्हटल्यावर हीच काढणार की. उरल्या चिंचोळ्या जागेत जाहिरात बसली. बाई नुसती बसलीया. पानापानावर बसलीया. पोरं म्हणतील एकच चित्र सारकं सारकं छापलंय."

"तिच्यासाटीच काढलं होतं समदं."

"कुणासाटी? अवो, मी मूळ पुस्तक वाचलंय. एकाच पानावर हाय ती. तुमी वाचलंय का?"

"ऐकलंय," मी म्हणालो.

"तुमच्या मनात काय होतं ते आधी सांगायचं होतं."

काय सांगणार होतो? ह्या पुस्तकाला वाचणारा एकच आहे आणि तो कुठं आहे ते मला ठाऊक नाही, असं? त्यानं मला पाणी दिलं, ते मी प्यालो. दुसऱ्यांदा छापलं तर घालू म्हणाला. दुसऱ्यांदा काही छापलं नाही. पहिलं मात्र खपलं म्हणतात. मुंबईला गेलं, सुरतला गेलं. कुर्डुवाडीच्या फलाटावर एकदा मी ते चिमट्याला टांगलेलं बघितलं आणि तोंड फिरवून उभा राहिलो.

बायको म्हणाली, घोडा तुमचा हाय, घोड्यावरनं ओळखील. मी म्हणालो, घोडा बघून कुणी घरी येत नाही. तसं बोलायला नको होतं हे खरं, पण खोटंही नव्हतं. वर माझं नावही छापलं नव्हतं.

तिनं जिद्द सोडली नाही. काही महिन्यांनी एका सकाळी पत्ते ओवता ओवता म्हणाली, "छापखाना कशाला पायजे? आपली माळ हाय की."

"माळ कसली?"

"पत्त्यांची. पत्त्यावर चित्र काढा. माळ फिरवली की चित्र फिरंल."

आधी मला हसू आलं, मग हसू थांबलं. जेकार्डला एक चौकोनी रूळ असतो. माळ त्यावरनं फिरते. रूळ एक बाजू वळला की एक पत्ता समोर येतो, क्षणभर थांबतो, मग पुढचा. एका पत्त्यावर हात खाली, दुसऱ्यावर जरा वर, तिसऱ्यावर अजून वर काढला, तर रूळ भरभर फिरवल्यावर हात उचललेला दिसणार. सिनेमा तरी दुसरं काय करतो? आमच्याकडं तर ते यंत्र आयतंच होतं. मोडीतला एक रूळ आणला, खोकं केलं, पुढं डोळा लावायला भोक, बाजूला दांडा. खोक्याच्या मागं एक फळी काढून ठेवली, तिथनं ऊन आत यायचं. वात जिथं काढली तिथं प्रत्येक पत्त्याला भोक पाडलं, एकाला डावीकडं, एकाला उजवीकडं, एकाला जरा वर. दांडा फिरवला की त्या भोकांतनं ऊन यायचं आणि ज्योत हलायची. पहिल्यांदा हलली तेव्हा बायकोनं डोळा भोकापासनं काढला नाही. "फिरवा," म्हणायची. "थांबू नगा."

सगळी कादंबरी त्या माळेत बसणं शक्य नव्हतं. तिनं आणखी कापलं. लढाया गेल्या, राक्षस गेले, आरशांचं नगर गेलं. राजपुत्र वेशीतनं जातो, दिवेवाली बसलेली, ऊन, ऊन, ती वात सारते, आभाळ काळं होत येतं, राजपुत्र येतो, ती उठून उभी राहते. पाच भागांतलं एवढं राहिलं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर जत्रा भरते. सोलापूरचा माणूस कुठंही असो, गड्ड्याला येतो असं आम्ही धरून चाललो होतो. पाळण्यांच्या पलीकडं, भाग्यवानाला जागा मिळते तिथं नव्हे, चिवडा-भज्यांच्या धुरात आम्ही खोकं मांडलं. मी दांडा फिरवायचो. ती बाजूला बसायची. लोक खोक्याला डोळा लावत, त्यामुळं तोंड दिसत नसे. ती कान बघायची. पोराच्या उजव्या कानाची पाळी लहानपणी बाळी अडकून फाटलेली होती.

"ओ मामा, माझ्या बायकोला दाखवू नका हे," एक गिरणीवाला म्हणाला. "ती बी दारात बसंल, मग भाकरी कोण थापील?"

"दिवा लावून बसतीया ती, तुमच्यासारख्याला कोण बसंल?" बायको म्हणाली. रांगेतले हसले.

एक तांबोळ्याचं पोर दोनदा बघून गेलं आणि तिसऱ्यांदा आलं. "चाचा, ये अम्मा आखिर में उठती ना, मेरेकू वो देखना."

एक तरणा, पँट घातलेला, खोक्यातनं डोळा काढून म्हणाला, "ही गोष्ट मी वाचलीया. ठाण्याच्या स्टँडवर पुस्तक घेतलं होतं. पण त्यात ही बाई न्हवती."

बायकोनं त्याचं मनगट धरलं. "न्हवती न्हवं?"

"न्हाई बा. दंतमंजनाची जाहिरात होती."

"ठाण्यात कामाला हायस? भिवंडीला कवा गेलतास?" मग तिनं पोराचं वय सांगितलं, उंची सांगितली, कान सांगितला. तो ऐकून घेत उभा राहिला. गुणी पोरगा होता, हात सोडवून घेतला नाही.

"मावशी, तितं अशी लाख पोरं हायत," एवढंच म्हणाला.

त्या वर्षी तो आला नाही. पुढच्या वर्षी जत्रेआधी तिनं सांगितलं, राजपुत्राला मिशा काढा, आता आल्या असतील. मी सगळ्या पत्त्यांवर मिशा काढल्या. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाली, जरा अंगानं भरलेला काढा. पत्ते बदलले. दिवेवालीचे केस तिनं स्वतःच चुन्यानं पांढरे केले, मला विचारलं नाही. आम्ही दरवर्षी खोकं मांडायचो आणि ती कान बघायची. संक्रांत झाली की दारूकाम बघायला सगळं गाव जायचं, तेव्हा आम्ही खोकं आवरून घरी यायचो. आभाळात बार फुटायचे, ती वर बघायची नाही.

मग एका वर्षी, अजून ते दशक संपलं नव्हतं, संक्रांतीच्या आधी ती अंगणात उन्हाला बसून माळेचा झिजलेला दोरा बदलत होती. मी रुळाला तेल देत होतो.

"हे शेवटचे पत्ते काढून टाका," ती म्हणाली.

"कुटले?"

"तो येतो ते. आणि ती उठती ते."

"का गं? गोष्ट तितं संपती."

"येतो म्हणून कशाला दाखवायचं लोकांस्नी?"

"गोष्ट हाय ती."

"गोष्ट आपण कापत आलोच की. लढाया कापल्या, राक्षस कापले. एवढं बी कापा. साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे. ती कानडीत बोलली की वाद घालायचा नसतो.

मी दोरा कापला. राजपुत्र येतानाचे पत्ते, आभाळ काळं होतानाचे पत्ते, सगळे काढून दिले. तिनं ते चुलीशेजारी जळणाच्या ढिगावर ठेवले आणि उरलेल्या माळेची दोन टोकं एकमेकांना ओवली. जेकार्डची माळ गोलच असते, तिला शेवट नसतो. आता तो जायचा, ती बसायची, ऊन, ऊन, वात सारायची, परत तो जायचा.

त्या वर्षी जत्रेत पोरं वैतागली. "मावशी, पुढं?"

"पुढं परत तेच."

"ती उठत न्हाई व्हय?"

"न्हाई."

"ही कसली गोष्ट!" म्हणून पोरं पाळण्याकडं पळाली. तिसऱ्या दिवशी आमच्याकडं कुणी आलं नाही. ती तरी बसून होती, पण कान बघत नव्हती. हातात हात घेऊन जमिनीकडं बघत होती. मी दांडा फिरवायचा थांबवला तेही तिला कळलं नाही. त्यानंतर आम्ही गड्ड्यावर खोकं नेलं नाही. तिनं एसटी स्टँडवर जाणंही बंद केलं, भाजी गल्लीत हातगाडीवर घ्यायला लागली. पोराचं नाव घरात निघालं नाही. मी एकदोनदा काढून बघितलं, ती उठून आत गेली.

आता शेजारच्या घरात टीव्हीवर तसल्याच गोष्टी चालतात. उडते प्राणी, मायावी, मोठमोठी राज्यं, सगळं हलणारं, रंगीत. शेजाऱ्यांचा नातू मला बोलावतो, आजोबा, बघा की. चित्रं चांगली काढतात, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. पाणी तर असं काढतात की हात घालावा. मी पाच मिनिटं बसतो. तिथं सगळे कुठंतरी निघालेले असतात. मग मी उठतो.

श्रावणात ती सरकारी दवाखान्यात होती. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी तिच्या खाटेशी बसून मनात एक उत्तर तयार करून ठेवलं. ती पोराचं विचारणार, अखेरीस सगळी विचारतात. मग मी सांगणार होतो की तो सापडलाय, सुरतला असतो, बायको आहे, पोरं आहेत, निघालाय, उद्याच्या गाडीनं येतोय. सगळं जुळवून ठेवलं होतं. पोरांची नावंसुद्धा ठरवली होती. मी खोटं बोललो असतो आणि मला त्याचं काही वाटलं नसतं.

ती शुद्धीत होती. नळाला पाणी आलं का विचारलं. शेजारणीचा डबा परत केला का विचारलं. तुमी जेवला का विचारलं. मी प्रत्येकाला हो म्हणालो. मग तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी वाट बघत होतो. तिनं विचारलं नाही. दुपारी कधीतरी गेली.

ते उत्तर अजून माझ्यापाशी तसंच आहे, पोरांच्या नावांसकट.